चाड्यावरची मूठ: थिन फिल्मसाठी पावडर फीडर कसा बनवायचा

जुलै महिन्यात रत्नागिरीत मिठाच्या बरणीत चमचा घातला की मीठ येत नाही, ढेकूळ येतं, म्हणून आपल्याकडे बरणीत चार तांदळाचे दाणे टाकून ठेवतात. तुम्ही कोकणातले असाल तर पावडर फीडरची (म्हणजे मोजून-मापून थोडी थोडी पावडर टाकत राहणाऱ्या यंत्राची) अर्धी डोकेदुखी तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे असं समजा. उरलेली अर्धी मी खाली सांगतो, कारण इथल्या एका कॉलेजच्या लॅबसाठी असा फीडर बनवताना मी जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्यात आणि त्या दुसऱ्या कोणी परत करायची गरज नाही.

आधी काम काय होतं ते. व्हॅक्यूम चेंबरमध्ये बिस्मथ टेल्युराइडची पातळ फिल्म काचेवर बसवायची, जाडी साधारण ५०० नॅनोमीटर. हा थर्मोइलेक्ट्रिक माल आहे, म्हणजे एक बाजू गरम एक गार ठेवली की थोडी वीज देतो. सोपी पद्धत म्हणजे सगळा माल बोटीत टाका आणि तापवा. (बोट म्हणजे मोलिब्डेनम किंवा टंगस्टनच्या पत्र्याची छोटी खोलगट पट्टी, होडी नव्हे आणि हाताचं बोट तर नव्हेच, लॅबमध्ये नवीन पोरं आली की हा घोळ दरवर्षी होतो.) पण असं केलं की टेल्युरियम आधी उडतं, त्याचा बाष्पदाब बिस्मथपेक्षा खूप जास्त, आणि बिस्मथ मागे रेंगाळतं. फिल्म दिसते छान चकचकीत, पण खालचा थर एक आणि वरचा दुसराच. मिश्रधातूंसाठी यावरचा तोडगा हॅरिस आणि सीगल यांनी १९४८ मध्येच दिलाय: बोट आधीच खूप गरम ठेवायची आणि त्यावर पावडर कणाकणाने टाकायची, पडला कण की उडाला. एका कणातही टेल्युरियम आधीच उडतं हो, पण कण इतका छोटा की त्याने फिल्ममध्ये अणूच्या जाडीएवढाही फरक पडत नाही, सगळं सरासरीत जुळून जातं. याला फ्लॅश इव्हॅपोरेशन म्हणतात आणि त्यात सगळा खेळ फीडरचा आहे. कण जास्त पडले की बोटीत ढीग, ढीग झाला की परत तोच टेल्युरियम आधीचा तमाशा.

पहिलं काम कागदावरचं, ते टाळू नका. किती पावडर लागणार? बोट लहान आणि काच बरोबर तिच्या डोक्यावर असेल तर हिशोब असा: लागणारं वजन = पाय × घनता × अंतराचा वर्ग × जाडी. घनता ७.७ ग्रॅम प्रति घन सेंमी, अंतर १५ सेंमी, जाडी ५०० नॅनोमीटर म्हणजे ०.००००५ सेंमी. गुणाकार केला की ०.२७ ग्रॅम येतं. म्हणजे पाव ग्रॅमपेक्षा जरासं जास्त, आणि ते पाच मिनिटांत टाकायचं तर मिनिटाला ५४ मिलिग्रॅम, सेकंदाला ०.९ मिलिग्रॅम. चिमटीत धरलेल्या मिठाच्या मानाने हे काहीच नाही. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यांवर आहे. थोडा माल चेंबरच्या भिंतीवर आणि चुटमध्ये (पावडर बोटीत सोडणारी घसरगुंडी) वाया जातो म्हणून हॉपरमध्ये (पावडर भरायचं नरसाळं) दुप्पट तरी भरा.

आता सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा जे येतं तेच माझ्याही आलं: नरसाळं घ्यायचं, खाली बारीक भोक पाडायचं, भोक जेवढं बारीक तेवढी धार बारीक. हे चालत नाही. का नाही ते आकड्यातच बघा. कोरड्या दाणेदार पावडरच्या भोकातून पडण्याच्या वेगाला बेव्हर्लूचं सूत्र आहे, १९६१ सालचं, त्यात वेग भोकाच्या व्यासाच्या अडीचाव्या घाताने वाढतो, आणि व्यासातून कणाच्या साधारण १.४ पट वजा करायचे असतात कारण कडेच्या पट्टीतून कण नीट पडतच नाहीत. आपली पावडर १०० मायक्रॉनची, सैल घनता (न दाबता ओतलेल्या पावडरची) ३.५, भोक १ मिमीचं धरलं तर सेकंदाला जवळजवळ १४० मिलिग्रॅम पडतात. आपल्याला हवेत ०.९. दीडशे पट जास्त! मग उलटं सोडवून बघितलं की ०.९ साठी भोक केवढं, तर पाव मिमी येतं, म्हणजे अडीच कणांएवढं. अडीच कणांच्या भोकात तीन कण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कमान करतात आणि धार बंद. भोक कणाच्या निदान सहा ते आठ पट नसेल तर ते तुंबणारच. म्हणजे जे भोक तुंबत नाही ते जास्त सोडतं आणि जे कमी सोडतं ते तुंबतं, मधली जागाच नाही.

आणखी एक गंमत, हॉपर उंच केला म्हणून धार वाढत नाही. पाण्याच्या टाकीत पाणी वर चढलं की नळाला जोर येतो, पावडरचं तसं नसतं, वरचं वजन भिंती घासून पेलतात आणि तळाचा दाब एका हद्दीपुढे वाढतच नाही. यानसेनने १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी हे मांडलं. म्हणून धार कमी आली तर वर आणखी पावडर ओतणाऱ्या माणसाला थांबवा (आमच्याकडे तो मीच होतो).

हे सगळं मी मिरजोळे एमआयडीसीत ज्यांच्याकडे लेथचं काम करून घेतो त्या काकांना सांगत होतो, तेव्हा ते म्हणाले, "अरे भोक बारीक करून काय होणार आहे? घाटावर पेरताना बघितलंयस ना, चाड्याला भोकं मोठीच असतात, बी किती पडायचं ते मूठ ठरवते." चाडं म्हणजे पाभरीवरचा बी सोडायचा पेला, चाड्यावर मूठ धरणं आपण नुसतं पेरणीसाठी म्हणतो, पण फीडरचं अख्खं तत्त्व त्यात आहे. भोक मोठं ठेवा, तुंबणार नाही इतकं, आणि खाली काहीतरी असं हलतं ठेवा की जे मोजून माप घेऊन जाईल. मूठ म्हणजे तेच. आपली मूठ म्हणजे एक फिरती चकती.

पर्याय तसे तीन. एक, थरथरणारी पन्हळ, म्हणजे कंप देऊन पावडर पुढे सरकवायची, बनवायला सोपी, पण दर कंपावर, पावडरच्या पातळीवर आणि हवेतल्या ओलाव्यावर बदलत राहतो, सकाळी लावलेला दर संध्याकाळी राहत नाही. दोन, स्क्रू, म्हणजे फिरत्या आट्यांनी माल पुढे ढकलायचा, ग्रॅममध्ये टाकायचं असेल तर उत्तम, पण मिलिग्रॅमला स्क्रूच्या प्रत्येक आट्यामागे एक गठ्ठा पडतो आणि धार गचके खात येते. तीन, चकती. चकतीच घ्या.

चकतीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. पहिल्या डिझाइनमध्ये मी चकतीच्या वरच्या तोंडावर गोल खाच पाडली, खाचेत पावडर भरणार, वर पट्टी सपाट करणार, पुढे एक टोक खाचेत घुसून पावडर बाहेर काढणार. कागदावर झकास. प्रत्यक्षात खाचेतली पावडर वर चढून बाहेर यायला तयारच नाही, टोकापुढे दाबून बसायची, वडीसारखी, मग एकदम गठ्ठ्याने उडायची. काकांनी ती चकती हातात फिरवली आणि म्हणाले खाच मधे कशाला, कडेला पायरी काढ, एका बाजूने उघडी, म्हणजे ढकललं की पडेल. एवढंच. त्यांनी दहा मिनिटांत काढून दिली आणि माझा महिना वाचला.

तर डिझाइन असं: एसएस ३०४ ची (स्टेनलेस स्टीलची) चकती, व्यास ५१ मिमी, जाडी ६ मिमी. कडेला वरच्या बाजूने पायरी, १ मिमी रुंद आणि ०.५ मिमी खोल. पायरीची मधली त्रिज्या साधारण २५ मिमी येते, म्हणून एका फेऱ्यात पायरीची जागा १५७ × १ × ०.५ म्हणजे ७८.५ घन मिमी. सैल घनता ३.५ धरली तर एका फेऱ्याला २७५ मिलिग्रॅम. वर भिंतीवर लिहिलेला आकडा आठवतोय? २७० मिलिग्रॅम. म्हणजे एक फेरा, पाच मिनिटं, एक फिल्म. हा योगायोग नाही, पायरीचं माप मी उलटं तिथूनच काढलंय, तुम्हीही तुमच्या मालाच्या घनतेने काढा. पायरीची खोली कणाच्या निदान चारपाच पट हवी, नाहीतर एक कण अडकला की पट्टी उचलली जाते.

चकतीभोवती त्याच धातूची स्थिर रिंग, पायरीची बाहेरची भिंत म्हणून. चकती आणि रिंगमधली फट ही सगळ्या कामातली खरी किचकट जागा. फट सगळ्यात लहान कणापेक्षा कमी हवी, नाहीतर पावडर त्यात घुसून चकती जाम करते. आमची पावडर ७५ मायक्रॉनपासून वर, म्हणून फट ०.०५ मिमी ठेवली. पण बोट खाली तापलेली असते. चकती रिंगपेक्षा ६० अंशांनी जास्त गरम झाली तर एसएसची २५ मिमी त्रिज्या पाव शतांश... थांबा, नीट सांगतो, ०.०२५ मिमीच्या आसपास वाढते, म्हणजे फट निम्मी खलास. अॅल्युमिनियमची चकती असती तर ०.०३५, म्हणजे जवळजवळ घासायलाच लागली असती. म्हणून दोन्ही एकाच धातूचे घ्या आणि फीडर व बोटीच्या मधे एसएस पत्र्याचे दोन आडोसे लावा, एकमेकांपासून ३ मिमी दूर. एक आडोसा पुरत नाही, तोच तापून हीटर होतो.

रिंगला एका जागी ४ मिमीचा छेद. छेदाच्या जागी पितळी पातं, पायरीवर तिरकं टेकलेलं, पावडर बाहेर ढकलणारं, नांगराच्या फाळासारखं. छेदाच्या बरोबर समोर हॉपर, आणि हॉपरच्या लगेच पुढे सपाट करणारी पट्टी, ०.१ मिमी पितळी शिमची (पातळ पत्र्याची), चकतीवर अगदी हलकी टेकलेली. पट्टी टेफ्लॉनची करू नका असं मी म्हणेन, मी केली होती, टेफ्लॉन घासून घासून स्थिर विजेने भारतं आणि बारीक कण त्याला मुंग्यांसारखे चिकटतात. व्हॅक्यूममध्ये तर ती वीज हवेतून निघूनही जात नाही. हॉपरही धातूचाच, अॅक्रिलिकचा पारदर्शक दिसायला बरा वाटतो पण नको. सगळे धातूचे भाग एका तारेने अर्थला जोडा, बेअरिंगवर भरवसा ठेवू नका.

हॉपर शंकूच्या आकाराचा, भिंत आडव्याशी निदान ६५ ते ७० अंशांची उभी, आतून पॉलिश. तोंड ४ मिमी, म्हणजे कणाच्या चाळीस पट, कमानीची भीती नाही. उथळ नरसाळं वापरलं की मधे बीळ पडतं, म्हणजे मधली पावडर खाली जाते आणि कडेची भिंतीला धरून बसते, वरून बघितलं तर भरलेलं आणि खाली रिकामं.

शाफ्टबद्दल एक गोष्ट जी मला कोणी आधी सांगितली नाही: व्हॅक्यूममध्ये ग्रॅफाइट वंगण म्हणून जवळजवळ निकामी असतं, त्याला गुळगुळीत राहायला हवेतली वाफ लागते. मोलिब्डेनम डायसल्फाइड मात्र व्हॅक्यूममध्ये उलट चांगलं चालतं. साधं ग्रीस लावलेलं बेअरिंग आत नेऊच नका, ग्रीस उडून फिल्मवर बसेल. मोटर बाहेरच ठेवा आणि दोन ओ-रिंगच्या (रबरी कड्यांच्या) फीडथ्रूतून, म्हणजे हवा आत न येऊ देणाऱ्या जोडातून, शाफ्ट आत घ्या. आत ठेवलेल्या मोटरची उष्णता जायला हवाच नसते, ती तापते, वास सोडते आणि मग मरते.

मोटर मी आधी ती छोटी गियरवाली स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर) घेतली, शे-दीडशेला मिळते ती, तिचा एक फेरा साधारण २०४८ स्टेपचा, हिशोबाला सोन्यासारखी. पण ओ-रिंगचं घर्षण तिला झेपेना, मधेच स्टेप चुकवायची आणि आपल्याला कळायचंही नाही. मग नेमा १७ लावली, म्हणजे जास्त ताकदीची स्टेपर, फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर १६ चं मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपची १६ पावलं), म्हणजे ३२०० पावलं, पावलाला ०.०८६ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत ३२०० म्हणजे सेकंदाला दहा-अकरा पावलं. अर्डुइनोवर (मोटर चालवणारा छोटा बोर्ड) हा प्रोग्रॅम वीस ओळींचा आहे, तो लिहीत बसत नाही.

छेदातून पडलेली पावडर चुटवर. चुट म्हणजे एसएस पत्रा इंग्रजी व्ही अक्षरासारखा वाकवलेला, उतार ६० अंश. कोरडी दाणेदार पावडर एवढ्या उतारावर स्वतःच घसरते, तरी चकतीकडून येणारे छोटे गचके मोडायला थोडी थरथर बरी. त्यासाठी फिश टँकच्या हवेच्या पंपातली कॉइल काढा, ती चेंबरच्या बाहेर लावा आणि आत चुटला लोखंडाचा एक तुकडा आणि पातळ स्प्रिंग. काचेतून किंवा एसएस ३०४ च्या पातळ भिंतीतून चुंबकाची ओढ पोचते, आत वायर न्यायलाच नको. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर साध्या लोखंडाला सेकंदाला १०० धक्के बसतात. जोर डिमरने कमी करा, चुट नाचायला नको, फक्त हुळहुळायला हवी. स्प्रिंग एसएसचीच घ्या, साधी स्प्रिंग इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबडी होते.

चुटचं टोक बोटीपासून दोन-तीन सेंमी वर आणि बाजूला, बरोबर वर नाही. बरोबर वर ठेवलं तर बोटीतली वाफ चुटच्या तोंडावर जमते आणि ते हळूहळू बुजतं, शिवाय काचेवर चुटची सावली पडते. आणि बोट उघडी सपाट नको. गरम तव्यावर पाण्याचा थेंब कसा नाचतो, तसा कणही पडता पडता स्वतःच्याच वाफेवर उडी मारतो आणि बाहेर जातो. खोल बोट किंवा वर भोकं असलेलं झाकण लावलेली बोट घ्या.

पावडरबद्दल, म्हणजे खऱ्या कामाबद्दल. मशीन कितीही नीट बनवलं तरी पावडर वाईट असेल तर चालणार नाही, आणि कोकणात जून ते सप्टेंबर पावडर वाईटच असते. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर गेली की कणांच्या मधे पाण्याचे सूक्ष्म पूल होतात आणि कण एकमेकांना ओढून धरतात. आपल्याकडे पावसात ती ८५-९० असते, म्हणजे पूल नाही, सेतूच. माल खलात कुटा, मग दोन चाळण्या लावा, १०० मेशची वर आणि २०० मेशची खाली. वरच्यातून गेलेला आणि खालच्यावर अडलेला माल म्हणजे ७५ ते १५० मायक्रॉन, तोच वापरायचा. २०० मेशखाली पडलेली पिठी फेकू नका, पण फीडरमध्येही घालू नका, ती बाटलीत ठेवा आणि पुढच्या वेळी परत वितळवा. बिस्मथ टेल्युराइड पापुद्र्यापापुद्र्याचं असतं, कुटलं की दाणे कमी आणि पत्रे जास्त होतात, म्हणून आडवेतिडवे रगडू नका, वरून हलके ठोके द्या.

मग परीक्षा. २५ मिलिलिटरचा मोजनळा घ्या, पावडर अलगद ओता, घनता काढा. मग नळा घडी घातलेल्या टॉवेलवर दोनशे वेळा आपटा, परत घनता काढा. आपटलेली भागिले सैल, याला हॉस्नर गुणोत्तर म्हणतात. १.२५ च्या खाली आलं तर पावडर शहाणी आहे. १.४ च्या वर आलं तर फीडर जोडायच्या भानगडीत पडू नका, परत चाळा, परत वाळवा. ही दहा मिनिटांची परीक्षा मी पहिले दोन महिने केली नव्हती आणि सगळा दोष मोटरला देत होतो.

वाळवणं: ओव्हनमध्ये ११० अंश, रात्रभर, पातळ पसरून. हॉपरही तिथेच ठेवा. सकाळी पावडर कोमट असतानाच हॉपरमध्ये भरा आणि लगेच चेंबर बंद. थंड होऊ दिली की ती हवेतलं पाणी परत ओढते. चेंबर उघडताना साधी हवा आत सोडू नका, कोरडा नायट्रोजन सोडा, नाहीतर आत उरलेली पावडर त्या एका श्वासात ओली होते.

कॅलिब्रेशन बाहेरच, चेंबरच्या आधी. महागडी पावडर यात घालवू नका. दाणा बघायला सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू चाळून घ्या किंवा पांढरी रांगोळी, मोटर आणि पट्टी नीट चालते की नाही ते तेवढ्यावर कळतं, फक्त घनता वेगळी म्हणून शेवटचे आकडे खऱ्या पावडरवरच काढा. लॅबचा काटा बंद होता तेव्हा मी बाजारात ओळखीच्या सोनाराकडे बसून वजनं केलीत, त्यांचा काटा एक मिलिग्रॅम दाखवतो, पंखा बंद करायला लावला म्हणून गिऱ्हाईकं कुरकुरली तेवढंच. अॅल्युमिनियम फॉइलचे वीस छोटे द्रोण करा, प्रत्येकात एक एक मिनिट पडू द्या, वजन करा. सरासरी ५४ च्या जवळ यायला हवी, ती मोटरच्या वेगाने जुळवता येते. पण खरा आकडा सरासरी नाही, खरा आकडा म्हणजे वीसमधला चढउतार. प्रमाण विचलन भागिले सरासरी, ते पाच टक्क्यांच्या आत आलं पाहिजे. आमचं पहिलं २२ टक्के होतं, पट्टी बदलल्यावर ११, चाळणी नीट केल्यावर ४. आकडे वाढत वाढत किंवा कमी होत जात असतील तर हॉपरमध्ये बीळ आहे. एखादाच आकडा उड्या मारत असेल तर पात्यापुढे वडी जमतेय. दर फेऱ्याला एकाच जागी चुकत असेल तर चकती वाकडी बसलीय, डायल गेज लावून बघा.

आता चालवताना. पंप चालू करताना पहिली दोन-तीन मिनिटं झडप अगदी किंचित उघडा. पावडरमधे हवा अडकलेली असते, घाईने ओढलीत तर ती हवा बाहेर पडताना अख्खा हॉपर उधळते, दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा, आणि ती पावडर पंपात जाते. पंपाच्या तोंडाला फिल्टर हवाच. दाब दहाच्या उणे पाच घात मिलीबारपर्यंत खाली आला की आधी बोट तापवा, पूर्ण, मग फीडर सुरू करा, आणि पहिलं अर्धं मिनिट शटर (बोट आणि काचेमधला सरकता पडदा) बंद ठेवून कचरा माल जाऊ द्या. शेवटी आधी शटर बंद, मग फीडर बंद, मग मिनिटभराने बोट बंद. दाबाच्या मीटरवर लक्ष ठेवा, नीट चाललं असेल तर काटा एका जागी किंचित थरथरतो. काटा उसळ्या मारायला लागला म्हणजे गठ्ठे पडतायत. हळूहळू चढत गेला तर बोटीत ढीग साचतोय, एकतर बोट थंड पडलीय किंवा वेग जास्त आहे.

फीडर आणि बोट यांना इंटरलॉकने बांधा, बोटीचा करंट गेला की मोटर थांबलीच पाहिजे. हे मी शिकलो ते असं: भर पावसात लाईट गेली, बोट थंड, पण अर्डुइनो आणि मोटर ड्रायव्हर यूपीएसवर, ते बिचारे इमानदारीने पावडर टाकत राहिले. दोन मिनिटांनी लाईट आली, बोटीवर शंभर-एक मिलिग्रॅमचा ढीग, तो एकदम वितळला आणि थुंकला, काचेवर फिल्मऐवजी देवीचे व्रण. एक रिले आणि करंट सेन्सर, तीनशे रुपयांचं काम, ते आधी केलं असतं तर.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनावर घ्या. टेल्युरियमची धूळ थोडी जरी अंगात गेली तरी श्वासाला आणि घामाला लसणाचा वास येतो आणि तो दिवसेंदिवस जात नाही. घरच्यांना कळतं, तुम्हाला कळत नाही. एन ९५ मास्क, हातमोजे, आणि कुटणं-चाळणं फ्यूम हूडखालीच. पंपाचा धूर खिडकीबाहेर नळीने काढा. चेंबर पुसताना कोरडा ब्रश नको, ओल्या टिश्यूने पुसा.

एक गोष्ट राहिली. तुमची पावडर एक मायक्रॉनच्या आसपास असेल, सिरॅमिकच्या एअरोसोल डिपॉझिशनला लागते तशी, तर वरची चकती विसरा. कण २०-३० मायक्रॉनच्या खाली गेले की वजनापेक्षा चिकटपणा जास्त, ते दाण्यासारखे वागत नाहीत, ओल्या पिठासारखे वागतात. तिथे खालून गॅस सोडून पावडर उडवायची आणि गॅसबरोबर न्यायची असते, त्याची यंत्रणा वेगळी आणि त्रासही वेगळे.

आणि गणपतीत लॅब दहा दिवस बंद राहणार असेल तर फीडर चेंबरमध्ये सोडून जाऊ नका. चकती, रिंग, पातं काढा, अल्कोहोलने धुवा, वाळवा आणि सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवा, जेल निळं असताना. परत आलात आणि ते गुलाबी दिसलं तर डबा नीट लागला नव्हता, सगळं परत ओव्हनमध्ये टाका आणि हॉस्नरपासून सुरुवात करा.